बंब कोण पेटवणार?

आमच्या ऑफिसखालच्या कॅफेत दाराशी एक तांब्याचा बंब ठेवला आहे. घासूनपुसून लख्ख केलेला. वरच्या नळीतून मनी प्लांटचे वेल खाली सोडलेत आणि तोटीला दिव्यांची माळ गुंडाळली आहे. टीममधल्या लखनौच्या मुलानं एकदा विचारलं, "ये क्या है?" मी इंजिनिअर, त्यामुळे उत्तर यायलाच हवं. म्हटलं, वॉटर हीटर. मधल्या नळीत आग, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख. पंधरा सेकंदांत विषय संपला.

जागेवर येऊन बसलो आणि लक्षात आलं, की मी त्याला फक्त यंत्राची रचना सांगितली. ते चालायचं कसं, हे सांगितलंच नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी बंब चालायचा, कारण काकी पहाटे साडेचारला उठून तो पेटवायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून थेट तीन वर्षांपूर्वीपर्यंत. आम्ही पोरं उठायचो तेव्हा धूर विरलेला असायचा आणि तोटीतून कढत पाणी येत असायचं. ते कुठून आलं, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

म्हणून हा इतिहास शोधायला लागलो. घरातल्या गरम पाण्याचा इतिहास.

कोमट, ऊन, कढत

आधी आपल्या भाषेकडेच बघा. पाणी किती तापलंय हे सांगायला मराठीत आकड्यांची गरज पडत नाही. कोमट, ऊन, कढत, आणि चहा-भातासाठी उकळायला ठेवलेलं ते आधण. कढत पाण्यात अंगाला सोसेल इतकं गार पाणी मिसळायचं, त्या गार पाण्यालाही वेगळा शब्द आहे : विसण. आमच्याकडे 'इसण' म्हणतात. "इसण घालून घे रं, भाजंल," हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. एवढे बारकावे भाषेत तयार होतात तेव्हा समजायचं, की हे काम रोजचं आहे आणि कुणीतरी ते फार लक्ष देऊन करत आलं आहे.

काही गावांना हे काम करावंच लागलं नाही. कोकणात राजापूरजवळ उन्हाळे नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतूनच गरम पाणी येतं. दापोलीजवळ उन्हवरे, मुंबईच्या उत्तरेला वज्रेश्वरी, हीसुद्धा अशीच ठिकाणं. गंमत म्हणजे आपण ज्याला 'गीझर' म्हणतो, तो शब्दही अशाच एका झऱ्याचा आहे. आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या एका कारंज्याचं नाव 'गेसिर'. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉम नावाच्या माणसानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्याला हे नाव दिलं. उन्हाळे आणि गीझर, दोन्ही नावं जमिनीतून फुकट येणाऱ्या पाण्याची.

बाकी सगळ्या गावांत पाणी तापवावं लागतं. सर्वांत जुना मार्ग म्हणजे चुलीवर हंडा. गोव्यात न्हाणीघरातच चूल बांधून तिच्यावर तांब्याचं मोठं भांडं कायमचं बसवायचे, त्याला 'भाण' म्हणतात. देशावर चुलीच्या शेजारी वैल असायचा. मुख्य चुलीतली आच आतल्या वाटेनं या दुसऱ्या तोंडाशी जायची आणि भाकरी होईतो तिथलं तपेलं आपोआप तापायचं. वाया जाणारी उष्णता पकडून तिच्याकडून काम करून घ्यायचं, याला आम्हाला थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात 'वेस्ट हीट रिकव्हरी' म्हणायला शिकवलं. माझ्या आजीनं तो पेपर दिला नव्हता, पण वैल रिकामा ठेवलेला तिला खपायचा नाही.

आग पाण्याच्या पोटात

चुलीवरच्या हंड्याची अडचण साधी आहे. आग खाली, पाणी वर, आणि बरीचशी उष्णता हंड्याच्या कडेकडेनं निघून जाते. साध्या तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता साधारण दहा टक्के धरतात. म्हणजे दहा काटक्या जाळल्या तर एका काटकीची उष्णता भांड्यात जाते, बाकीच्या नऊ काटक्या भिंती, छप्पर आणि बाईचे डोळे तापवतात.

बंबानं हा प्रश्न उलटा करून सोडवला. त्यात पाण्याच्या पोटातून एक उभी नळी जाते आणि आग त्या नळीत पेटते. उष्णतेला बाहेर पडायचं तर पाण्याला शिवूनच जावं लागतं. रशियातला समोवार याच घडणीचा, काश्मिरी चहाचाही तोच. वाफेच्या रेल्वे इंजिनाचा बॉयलरसुद्धा याच घराण्यातला, फक्त त्यात एका नळीऐवजी पुष्कळ नळ्या असतात.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी ठोकली जातात. घंगाळं, हंडे, पातेल्यांबरोबर बंबही तिथल्या कारागिरांच्या हातचे. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्याला कणखरपणा आणि चकाकी आणायच्या त्या कामाला 'मठारकाम' म्हणतात. तांबं महाग, त्यामुळे बंब म्हणजे घराची ऐपत. पुढे पितळेचे आणि मग पत्र्याचे, स्टीलचे बंब आले आणि तो मध्यम घरांतही पोहोचला.

बंबाचा दुसरा गुण यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. तो काहीही खातो. स्वयंपाकाच्या चुलीला नीट फोडलेलं लाकूड लागतं. बंबाला मक्याची दाणे काढलेली कणसं चालतात, भुईमुगाची टरफलं चालतात, गोवरीचे तुकडे, चिपाडं, विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, कोकणात नारळाच्या करवंट्या आणि सोडणं. शेतात जे उरतं ते बंबात. त्यामुळे बंब असलेल्या घराला पाण्यासाठी वेगळं लाकूड तोडायला कमी जावं लागायचं. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे अशा गोष्टीला बक्षीस देतात.

शब्दाची एक मौज सांगून पुढे जातो. मराठीत दोन बंब आहेत. एक आग लागली की धावत येतो, दुसऱ्यात आपणच आग लावतो.

पहिली बादली, शेवटची बादली

आमच्या घरी बंबाचा एक नियम होता : एक बादली काढली की वरून एक बादली गार पाणी ओतायचं. ओतलं नाही तर नळी कोरडी पडून तिचं डाख सुटतं. नियमाचा परिणाम उघड आहे. पहिल्याला कढत पाणी, मधल्याला ऊन, शेवटच्याला कोमट.

क्रम ठरलेला. आधी आबा, कारण त्यांची पूजा. मग काका, कारण त्यांची एसटी. मग शाळेची पोरं. मग आजी. काकी सगळ्यात शेवटी, भाकऱ्या उरकून. तोवर आग विझलेली असायची. ज्या बाईनं पहाटे साडेचारला उठून सगळ्यांसाठी पाणी तापवलं, तिच्या वाट्याला निवलेलं पाणी. हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात दहा वाजेपर्यंत धुकं असतं. परत जाळ घातला तर "सरपण काय फुकट येतंय?" असं कुणीतरी म्हणायचंच. कुणी दुष्ट नव्हतं. ती पद्धत होती, एवढंच.

हे मी मुद्दाम सांगतोय. कार्यक्षमतेचे आकडे आपण यंत्राला लावतो. पण घरात गरम पाणी ही वाटून घ्यायची गोष्ट आहे, आणि ते कुणाच्या वाट्याला किती येतं हे बंबाच्या नळीवर ठरत नाही.

एका अंघोळीचं गणित

आता थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. पाच माणसांचं घर, प्रत्येकी वीस लिटर, म्हणजे शंभर लिटर पाणी. ते वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायचंय. याला साधारण 8.4 मेगाज्यूल ऊर्जा लागते, विजेच्या भाषेत सव्वादोन युनिटच्या थोडं वर.

एक किलो वाळलेल्या लाकडात अंदाजे 15 मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर अर्ध्या किलोहून जरा जास्त लाकूड पुरलं असतं. दहा टक्क्यांच्या चुलीवर तेच काम करायला साडेपाच किलो लागतं. रोज. महिन्याला दीड क्विंटलच्या वर, आणि हे फक्त अंघोळीसाठी.

हेच पाणी गॅसवर तापवलं तर? एक किलो एलपीजीत 45 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. शेगडीची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर रोज तीनशे ग्रॅम गॅस, महिन्याला नऊ किलो. सिलिंडरमध्ये असतो 14.2 किलो. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश सिलिंडर मोरीतून वाहून जाणार.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे.

मोजली न गेलेली आग

आपल्या देशात चूल सुधारायचे प्रयत्न जुने आहेत आणि त्यातले काही अगदी आपल्याकडचे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून 1947च्या सुमारास 'मगन चूल' आली. 1980च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 मध्ये तो बंद होईपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ मोडल्या, पुष्कळ वापराविना पडून राहिल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं चुलींवर बरंच काम केलं. मग 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली.

हे सगळे प्रयत्न महत्त्वाचे होते. पण त्यांच्या केंद्रस्थानी एकच आग होती : स्वयंपाकाची. फोटोत नेहमी भाकरी असते, कढई असते. मोरीबाहेर, परसात, गोठ्याच्या आडोशाला पेटणारी दुसरी आग त्या फोटोत नसते. सिलिंडर घरात आला, चहा आणि भाजी गॅसवर गेली. अंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं. कारण वरचं गणित गावातल्या प्रत्येक बाईला कागद न घेता येतं. दोन तृतीयांश सिलिंडर पाण्यात घालवणं कुणालाही परवडत नाही. सरपण फुकट आहे, म्हणजे त्याची किंमत पैशांत द्यावी लागत नाही. ती पायांनी, मानेनं आणि पहाटेच्या झोपेनं द्यावी लागते, आणि या खर्चाची पावती कुणी मागत नाही.

मध्ये विजेचाही एक प्रयत्न होऊन गेला. बादलीत सोडायची कॉईल आमच्या गावात नव्वदच्या दशकात आली. स्वस्त, पण जिवावरची. बटण बंद न करता पाण्यात हात घालून बघणारे लोक प्रत्येक गावात होते, आणि त्यातल्या काहींच्या घरी नंतर फोटोला हार लागले. पुढे 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास भारनियमन असायचं. कोयनेची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांमधून जायची आणि खाली काकी कणसं पेटवायची.

सूर्य दुपारी, अंघोळ पहाटे

सूर्यावर पाणी तापवायची कल्पना आपल्याला नवी वाटते. ती बंबाइतकीच मुरलेली आहे. 1767 मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानं काचेची झाकणं लावलेली पेटी उन्हात ठेवली आणि आतलं तापमान शंभर अंशांच्या वर गेलेलं पाहिलं. काच ऊन आत येऊ देते आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आजच्या सोलर पॅनेलचं मूळ ते.

यात आपल्या मुंबईचाही एक अध्याय आहे. विल्यम अॅडम्स नावाचा इंग्रज मुंबईत सरकारी नोकरीत होता. आपल्याकडे ऊन एवढं आणि कोळसा इतक्या लांबून, हे त्याला खटकायचं. साध्या सपाट आरशांचे तुकडे एकत्र बसवून त्यानं कुलाब्यात बॉयलर तापवला आणि वाफेवर पंप चालवून दाखवला. त्याची सूर्यचूल सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवायची, तेही जानेवारीत. उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याचा वापर, या विषयावर त्याचं पुस्तक 1878 मध्ये मुंबईत निघालं. एवढं होऊनही पुढे काही घडलं नाही. कोळसा स्वस्त होत गेला आणि आरसे विस्मरणात गेले.

घरगुती हीटर म्हणून सूर्य विकला गेला अमेरिकेत. 1891 मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं 'क्लायमॅक्स' नावाच्या हीटरचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या टाक्या, त्यांच्याभोवती लाकडी पेटी, वर काच. पाणी संध्याकाळी मस्त तापलेलं असायचं. सकाळपर्यंत गार. कारण जी टाकी ऊन खायची, तीच रात्री आभाळाखाली उघडी पडायची.

1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीनं यावर उपाय काढला. ऊन खायचं काम नळ्यांच्या पॅनेलकडे दिलं आणि पाणी साठवायचं काम वेगळ्या, उबदार गुंडाळलेल्या टाकीकडे. टाकी वर, पॅनेल खाली. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, पंपाची गरजच नाही. कंपनीचं नाव त्यानं 'डे अँड नाइट' ठेवलं, दिवस आणि रात्र. सगळा शोध त्या 'रात्र' या शब्दात होता.

आपल्यासाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. सूर्य दुपारी तळपतो आणि आपण अंघोळ करतो पहाटे. शेतावर जायचं असतं, पूजा असते, दूध घालायचं असतं. दिवाळीचं अभ्यंगस्नान तर सूर्य उगवायच्या आधीच उरकावं लागतं. म्हणजे मराठी घरात सूर्याचं पाणी चालायचं असेल तर त्याला सोळा-सतरा तास गरम राहावं लागेल.

बेलीच्या हीटरचं पुढे काय झालं, तेही ऐका. 1920च्या दशकात लॉस एंजलिसच्या परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले, गॅस स्वस्त झाला आणि सोलर हीटरची मागणी बसली. यंत्र चांगलं होतं, फक्त शेजारचं इंधन स्वस्त झालं. याच्या उलट इस्रायलमध्ये 1950च्या दशकात इंधनाची टंचाई होती, तिथे घरोघरी छपरांवर हे हीटर चढले, आणि 1980 मध्ये नव्या घरांना ते कायद्यानंच लागू झाले.

भारतात 1982 मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला. त्याच दशकात महाराष्ट्रात 'महाऊर्जा' आली. पण पुष्कळ वर्षं सोलर हीटर म्हणजे पुण्या-बंगळुरातले बंगले आणि हॉस्टेलं. तांब्याच्या नळ्यांचं पॅनेल महाग. किंमत खाली आली ती चिनी काचेच्या नळ्यांमुळे. ही नळी दुपदरी असते आणि दोन पदरांच्या मध्ये निर्वात पोकळी. 1892 मध्ये जेम्स डेवरनं केलेल्या थर्मासचीच ती नात. केंद्राचं घरगुती हीटरवरचं अनुदान 2014 मध्ये बंद झालं, पण तोवर हे यंत्र तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात पोहोचलं होतं.

गावांनीही आपापले मार्ग काढले. 2010 मध्ये राज्यानं पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आणली, तिच्या निकषांत अपारंपरिक ऊर्जा होती. भास्करराव पेरे पाटलांच्या नेतृत्वाखाली पाटोद्याच्या ग्रामपंचायतीनं गावाला अंघोळीसाठी गरम पाण्याची सार्वजनिक सोय केली. घराघरांत वेगवेगळी आग पेटवण्याऐवजी गावानं मिळून पाणी तापवायचं, हा विचार मला आजही फार पुढचा वाटतो.

माझी एक्सेल शीट

तीन वर्षांपूर्वी मी घरी सोलर बसवला. दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा. आधी एक्सेल शीट केली होती. सरपण, वेळ, हप्ता, किती वर्षांत पैसे वसूल. आबांना ती प्रिंट काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, "पावसाळ्याचं काय?"

पावसाळ्याचं शीटमध्ये काही नव्हतं. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

आणखीही बरंच काही नव्हतं. बोअरचं पाणी जड. बसवून गेलेल्या माणसानं त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. दीड वर्षात टाकीत आणि जोडण्यांत क्षार धरला आणि पाणी तापेनासं झालं. एका माकडानं दोन नळ्या फोडल्या. त्या आणायला काका दोनदा कऱ्हाडला जाऊन आले. शिवाय तोटी उघडली की पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी येतं, बादलीभर. ते ओतून द्यायचं? आमच्या गावात, एप्रिलमध्ये? काकीनं दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी वेगळी बादली ठेवली. ते पाणी भांड्यांना. जे मला सुचायला हवं होतं ते तिला सहज सुचलं.

एवढं सगळं होऊनही वर्षातले सात-आठ महिने तो हीटर उत्तम चालतो. पहिल्या हिवाळ्यात मी काकीला विचारलं, आता किती वाजता उठतेस? म्हणाली, "डोळं उघडत्यात साडेचारलाच. पडून राहत्ये." जरा वेळानं म्हणाली, "पडून राह्यलं की पाठीला बरं वाटतं."

माझ्या शीटमध्ये पाठीचा रकाना नव्हता.

वाघाच्या गावातला बंब

या शोधात जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली, ती चंद्रपूरची. ताडोबा-अंधारीच्या भोवतालची गावं जंगलाला खेटून आहेत. मोहफुलं, तेंदूपत्ता आणि सरपण यांसाठी माणसं जंगलात जातात. सरपणाला जाणाऱ्या बहुतेक बायका असतात. वाघांची संख्या वाढली आहे, आणि वाकून काटक्या गोळा करणाऱ्या बाईवर वाघानं हल्ला केल्याची बातमी तिथल्या पेपरात नवी राहिलेली नाही.

गॅस तिथेही पोहोचला. तरी सरपणाची वाट बंद झाली नाही, आणि याचं एक मोठं कारण पाणी. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट ही संस्था तिथे काम करते. गॅस असलेली घरंही पाणी तापवायला लाकूडच जाळतात, हे तिच्या लोकांच्या लक्षात आलं. मग त्यांनी 'हीटर ऑफ होप' नावाचा उपक्रम काढला. त्यात घरोघरी दिलं काय? कमी लाकडात चालणारा, बारीकसारीक काड्या खाणारा, पाणी तापवायचा बंब.

हे वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसलो. कॅफेच्या दाराशी आम्ही ज्याच्यात मनी प्लांट लावला, ते यंत्र तिकडे एखाद्या बाईच्या जंगलातल्या फेऱ्या कमी करतंय. आणि एक फेरी कमी म्हणजे नेमकं काय, हे त्या गावांना सांगावं लागत नाही. त्या संस्थेनं भाकरीच्या चुलीपलीकडे जाऊन मोरीबाहेरच्या आगीकडे पाहिलं. अर्धं उत्तर त्या पाहण्यातच होतं.

मला वाटतं, गावातलं यंत्र बदलताना पहिला प्रश्न कार्यक्षमतेचा असूच नये. ही आग आज कोण पेटवतं, त्यासाठी किती वाजता उठतं, कुठपर्यंत चालत जातं, आणि शेवटी त्याच्या वाट्याला कसलं पाणी येतं, हे आधी विचारावं. मग कुठे सोलर बरा, कुठे सुधारित बंब, कुठे गावाचा एकच मोठा बॉयलर आणि कुठे दोन्ही मिळून, याचं उत्तर त्या त्या गावात सापडतं. आमच्या घरी ते 'दोन्ही मिळून' असं निघालं. ऊन असेल तेव्हा छप्पर, पावसाळ्यात बंब. आबांना ते माझ्या आधी कळलं होतं.

नरकचतुर्दशी

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो. नेमकं दोन दिवस आभाळ भरून आलं होतं, टाकीतलं पाणी जेमतेम कोमट. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं तर बंबाचंच पाणी पाहिजे म्हणून हटून बसली होती. रात्री जेवताना प्रश्न निघाला, सकाळी बंब कोण पेटवणार? सवयीनं सगळ्यांच्या माना काकीकडे वळल्या. काकी ताटातली भाकरी मोडत म्हणाली, "मी न्हाई."

पहाटे मी आणि काका परसात. मोबाइलच्या उजेडात मी जाळीवर कणसं रचली, काकांनी वरून रॉकेलसारखा खोबरेल तेलाचा बोळा सोडला. धूर झाला, आग होईना. साठीच्या काकांनी या घरात जन्म काढला, पण बंब पेटवायची त्यांची ही पहिलीच वेळ. माझीही. आतून पांघरुणातूनच काकीचा आवाज आला, "खालची राख काढा की आधी! वारं कुठनं घुसंल?"

राख काढली. तीन काड्यांत पेटला.

अर्ध्या तासानं बंब घुमायला लागला. आबा नेहमीप्रमाणे पंचा घेऊन दाराशी आले. काकांनी पहिली बादली भरली, विसण घातलं, हात बुडवून पाहिला आणि ती उचलून मोरीत ठेवत आत बघून हाक मारली, "अगं, ऊठ. पाणी निवतंय."

आबा पंचा खांद्यावर टाकून पायरीवर बसून राहिले.